यमुनाकाकूंची हत्यारं

कामरगावात कोणाला गाडीचा ब्रेक खोलायचा असला आणि हाताशी हत्यार नसलं, तर तो माणूस पिठाच्या गिरणीत जाई. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायकांत हात काळे झालेला असा कोणी आला की बायका सरकून त्याला वाट देत. आत, मागच्या भिंतीवर, जिथं पिठाचा फुफाटा जरा कमी पोचे, तिथं खिळ्यांना पाने, शिकंजे, तारेचे आकडे, नळ्या टांगलेल्या असत. त्यातलं निम्म्याहून जास्त सामान कुठल्याच दुकानात मिळालं नसतं, कारण ते गिरणीच्या मालकीण यमुनाकाकूंनी स्वतः करून घेतलेलं होतं.

मी तिथल्या हायस्कुलात सहा वर्षं शिकवलं. राहायला खोल्या मिळाल्या त्या गिरणीला लागूनच. त्यामुळे दिवस उजाडला की गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज आणि त्याच्यावरून काकूंचा आवाज, असे दोन्ही एकदम कानावर येत. काकू तेव्हा साठीच्या जरा अलीकडे होत्या. अंगावर साधं पातळ, त्यावरून नवऱ्याचा जुना खाकी सदरा, सदऱ्याच्या खिशात खडू आणि दहा नंबरचा पाना. चष्मा नाडीनं गळ्यात बांधलेला. भुवया आणि पापण्या पिठानं कायम पांढऱ्या, त्यामुळे त्या रागावल्या तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येई. दुसऱ्यांदा येत नसे.

हत्यार उसनं द्यायचा त्यांचा एक रिवाज होता. भाडं नाही, अनामत नाही. माणसाला भिंतीसमोर उभं करून त्या म्हणत, "काय करनार हाये, ते आधी तोंडानं सांग."

मग त्या माणसानं सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून दाखवायचं. नट कधी सैल करणार, गाडी कधी उचलणार, पहिल्यांदा काय काढणार. मध्ये एक पायरी सुटली की काकू मान हलवत आणि हत्यार खिळ्यावरच राही. एकदा एका दुकानदारानं सगळं घडाघडा सांगितलं आणि हात पुढे केला. काकूंनी विचारलं, "आन मागच्या चाकाखाली दगड कोन लावीन? तुहा मामा?" तो घरी गेला, दगड लावून आला, मग शिकंजा मिळाला. परत आणताना मात्र हत्यार पुसून आणायचं. "पीठ खानारे लोक आहोत आपन," त्या म्हणत, "ग्रीस खानारे नाई."

काकू या कामात आल्या त्या आवडीनं नाही. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, कामरगाव ते कारंजा प्रवासी जीप चालवत. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. जीप विकावी लागली. गिरणी काकूंचीच होती, पण गावातलं दळण कमी झालं होतं, घरोघरी छोट्या चक्क्या आल्या होत्या. तेव्हा काकूंनी एक जुनी व्हॅन घेतली, चालवायला शिकल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून धान्य आणून पीठ पोचवायचं काम सुरू केलं. व्हॅन म्हातारी, रस्ते उतरणीचे, आणि मागे पोती. ब्रेक लागेनासा झाला. गॅरेजवाल्यानं दिवसभर बसवून ठेवलं, संध्याकाळी गाडी दिली, आणि गावात पोचेपर्यंत परत तोच प्रकार. घरी आल्यावर तात्या म्हणाले, "वीस वर्षं जीप मीच खोलली. आता हात तुहे, ध्यान माह्यं. चाल."

पहिल्याच कामात काकूंनी घोटाळा केला, आणि तो त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. ब्रेकचे पॅड असतात, त्यांची एक बाजू लोखंडाची आणि दुसरी घासायच्या मसाल्याची. काकूंनी ते उलटे बसवले. गाडी चार हात पुढे गेली आणि ओट्यावर बसलेले तात्या ओरडले, "थांब! उलटे लावले तू. लोखंड लोखंडाले घासून राह्यलं."

"ह्यायले दिसत नाई आन मले दिसून समजलं नाई," असं म्हणून काकू पदरात तोंड लपवून हसत. पण एवढं सांगून झाल्यावर त्या नेहमी पुढे म्हणत, "म्हनून तं तोंडानं सांगाले लावतो. चूक आधी तोंडात येते, मंग हातात."

हत्यारं विकत घ्यायची तर पैसे नव्हते. म्हणून त्यांनी घर धुंडाळलं. पॅड नवे बसवायचे तर आतला पिस्टन मागे दाबावा लागतो, त्याला मजबूत शिकंजा लागतो. काकूंच्या घरी शेवया करायचं हातयंत्र होतं, पाटाला स्क्रूनं आवळून बसवायचं. त्याचा आवळायचा भाग त्यांनी काढला, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून त्याला लांब हात लावून घेतले, आणि पिस्टन दाबताना मध्ये जुना पॅड ठेवायचा हे तात्यांनी सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी शेवया झाल्या नाहीत. पॅड धरणारा कॅलिपर सोडवल्यावर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून तो अडकवायला जुन्या तराजूचा आकडा. मागच्या चाकांच्या ब्रेकचा गोल डबा, म्हणजे ड्रम, त्यातल्या स्प्रिंगा ओढायला टोक वाकवलेला स्क्रू ड्रायव्हर. ब्रेकच्या बारीक पाइपाचा नट साध्या पान्यानं गोल होतो, म्हणून एका रिंगपान्याला हॅक्सॉनं एवढीच फट पाडलेली की तो पाइपावरून आत सरकावा आणि नटाला चहूबाजूंनी धरावा. ती फट कापायला त्यांना दोन दुपारी लागल्या होत्या. तो पाना हातात घेतला की त्या जरा थांबत आणि अंगठ्यानं ती कापलेली कड चाचपत, जशी बाई नवीन बांगडी चाचपते.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती वडिलांमुळे. बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावतीला न्यावं लागे. सुरुवातीला एसटीनं, मग जीपनं नेलं, पण परत येताना त्यांची जी अवस्था होई ती पाहवत नसे. म्हणून जुनी छोटी गाडी घेतली. घेताना इंजिन पाहिलं, टायर पाहिले, ब्रेकचं काही समजत नव्हतं, म्हणून पाहिलं नाही. चौथ्या महिन्यात एका वळणावर मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट खाली गेला. हँडब्रेकनं कशीबशी गाडी थांबली. शेजारी बाबा होते. ते समोरच्या बाभळीकडे पाहत राहिले. ती फार लांब नव्हती.

तो बुधवार होता. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी पाहू. बाबांची पाळी शुक्रवारी होती. रात्रभर मी जीपवाल्यांचे नंबर काढत बसलो. सकाळी बायको म्हणाली, "शेजारी तर आहेत त्या. विचारा ना."

मी गेलो. काकूंनी पट्टा बंद केला, हात झटकले आणि बाहेर आल्या. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली पाहिली, मग चारही चाकांच्या आतून बोट फिरवलं. मागच्या डाव्या चाकाशी बोट ओलं निघालं.

"सर, इथं गळून राह्यलं," त्या म्हणाल्या. "ब्रेकचा सिलिंडर नवा लागीन. लायनरबी नवे, ड्रमले आतून घासतात ते, दोन्ही बाजूचे."

"लायनर धुऊन नाही चालणार?"

"तेल पेलेलं लायनर धुवत नसतात. सामान घेऊन या, मी दुपारी मोकळी हाये."

मी कारंजाहून सामान आणलं. दुपारी त्यांनी काम काढलं. ड्रम गंजून बसला होता, हातोडीला दाद देईना. काकूंनी गिरणीतले दोन बोल्ट आणले, ड्रमला असलेल्या दोन आट्यांच्या भोकांत घातले आणि आळीपाळीनं एकेक फेरा आवळत गेल्या. ड्रम कुरकुरत आपोआप बाहेर आला. मी चकित होऊन पाहत होतो. त्या म्हणाल्या, "ती भोकं त्यासाठीच असतात. कारखान्यावाल्यानं हत्यार गाडीतच देऊन ठेवलं, लोकच पाह्यत नाई."

सगळं बसवल्यावर पाइपातली हवा काढायची होती. काकूंनी औषधाच्या दुकानातून आणलेली सलाइनची कोरी नळी चाकामागच्या हवा काढायच्या निप्पलला लावली, दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या पारदर्शक बाटलीत बुडवलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो, या."

तात्या भिंतीला हात लावत आले, गाडीत बसले, चपला काढल्या आणि उघडा पाय पेडलवर ठेवला.

"दाबा."

"दाबला."

"धरा." काकूंनी निप्पल सैल केलं, नळीतून बुडबुडे निघाले. मग ते आवळलं. "सोडा."

"सोडला."

असं पन्नासेक वेळा झालं असेल. मध्येच तात्या म्हणाले, "अजून हाये थोडी. पाय सांगून राह्यला." आणि खरंच, काकूंनी पुन्हा निप्पल सैल केलं तर शेवटचे दोन बुडबुडे आले. मी नुसता बॉनेटखालच्या बाटलीत ऑइल ओतायला उभा होतो. नवरा-बायकोचं इतकं कमी शब्दांत इतकं जमलेलं बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाबांना घेऊन मी अमरावतीला गेलो. निघण्यापूर्वी काकूंनी मला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा ब्रेक मारायला लावला आणि दहाही वेळा स्वतः शेजारी बसल्या.

त्यानंतर मी त्यांच्याकडे शिकलो. पॅड बदलणं, हवा काढणं, लायनर बसवणं. शाळेतून आलो की दप्तर ठेवून गिरणीत जाई. थोडं यायला लागल्यावर माणसाला जी मस्ती येते ती मलाही आली. एका रविवारी मागच्या पाइपाजवळ ओल दिसल्यासारखं वाटलं म्हणून मी गाडी अंगणातच उचलली. उचललेली गाडी टेकवायचे काकूंचे स्टँड कोणीतरी नेले होते. मी बाजूला पडलेल्या विटा रचल्या, गाडी त्यावर टेकवली आणि खाली शिरलो. छातीपर्यंत आत होतो.

"भाईर निघ!"

आवाज असा होता की मी विचार न करता बाहेर सरपटलो. काकू उभ्या होत्या. तोवर त्या मला सर आणि तुमी म्हणत. त्या दिवसापासून मी तू झालो तो कायमचा.

"काहून, काकू? पक्क्या विटा आहेत."

काकूंनी बंपरला कंबर लावली आणि एक धक्का दिला, फार मोठा नाही, गाय बाजूला सारावी तेवढा. वरची वीट कचकन फुटली, तिच्याखालची सरकली आणि गाडी धाडकन खाली बसली. जिथं माझी छाती होती, तिथं.

मी गाडीकडे पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या बाबांकडे. काकूंनी हात सदऱ्याच्या खिशात घातले.

"गाडीचा पत्रा वाकला अशीन तं मी भरून देईन," त्या म्हणाल्या. "तू वाकला असता तं तुह्या बापाले कोन भरून देनार होतं?"

आणि त्या निघून गेल्या. बाबा म्हणाले, "त्या बाईले चहा नेऊन दे. आन पाया पड." मी दोन्ही केलं. काकूंनी चहा घेतला, पाय मागे ओढले.

तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सुरुवातीला त्यांनी स्टँडसुद्धा घरीच करून घेतले होते, ट्रॅक्टरच्या भंगारातून. दिसायला भक्कम. एक दिवस पुसताना एका जोडाशी केसाएवढी चीर दिसली. त्यांनी ते दोन्ही स्टँड वेल्डिंगवाल्याकडे नेले आणि गॅसनं तुकडे तुकडे करून घेतले. तसेच भंगारात टाकले असते तर कोणी उचलून वापरले असते म्हणून. मग गिरणीचं नवं जातं घ्यायचं लांबणीवर टाकून कंपनीचे स्टँड आणले. "हत्यार सस्तं करता येते," त्या म्हणाल्या. "ज्याच्याखाली मानूस झोपते, ते सस्तं करायचं नाई. आन ब्रेक ऑइल उघड्या डब्ब्यातलं घ्यायचं नाई, ते हवेतलं पानी पेते. बाकी तुले जे सुचीन ते कर."

काकूंचा हा हट्ट सगळ्या गावाला गोड लागत नसे. गजानन नावाच्या प्रवासी जीपवाल्याशी झालेलं भांडण मी स्वतः पाहिलं. लग्नसराईचे दिवस. गजाननच्या जीपमध्ये नवरदेव, त्याचे काका आणि दहा-बारा वऱ्हाडी. गावातून निघतानाच मागचं एक चाक ऑइल टाकू लागलं. त्यानं गिरणीसमोरच जीप उचलली, चाक काढलं आणि आत आला.

"काकू, शिकंजा द्या."

"तोंडानं सांग."

गजानन प्रामाणिक माणूस. त्यानं खरं सांगितलं, की त्या चाकाकडे जाणारी नळी शिकंज्यानं दाबून बंद करतो आणि उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर वऱ्हाड पोचवतो. संध्याकाळी आल्यावर पाहू.

काकू उठल्या, बाहेर गेल्या, काढून ठेवलेलं चाक घरंगळत गिरणीत आणलं, जात्याशेजारी आडवं केलं आणि त्यावर बसल्या. समोरच्या बाईचं ज्वारीचं दळण टाकलं.

नवरदेवाचे काका तावातावानं आले. "बाई, मुहूर्त जाईन!"

"मुहूर्त गेला तं दुसरा काढता येते," काकू जात्याखाली पडणारं पीठ बोटांनी चाचपत म्हणाल्या. "नवरदेव कुठून काढसान?"

बाहेर आरडाओरडा झाला. कोणी म्हणालं, बाई माणसानं यात पडू नये. कोणी म्हणालं, दळण टाकायचंच बंद करू. काकू हलल्या नाहीत, पण तोंड उतरलं होतं, ते मला दिसलं. ज्वारीचं दळण पूर्ण झाल्यावर त्यांनी व्हॅनमधली पोती खाली टाकली, नवरदेवाला आणि चार म्हाताऱ्या माणसांना आत बसवलं, आणि स्वतः नेऊन पोचवलं. बाकीचे एसटीनं आणि दुसऱ्या जीपनं गेले. मुहूर्त चुकला नाही. फक्त नवरदेवाचा काळा कोट पाठीमागून पांढरा झाला होता आणि मांडवात त्याला ते कोणी सांगितलं नाही.

गजानन महिनाभर गिरणीच्या समोरून मान वळवून जाई. मग एका सकाळी हातात नव्या सिलिंडरचा खोका घेऊन आला आणि दारातच उभा राहून बोलायला लागला, "आधी पुढच्या चाकांखाली दगड लावतो, मंग नट सैल करतो, मंग..." काकूंनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. शेवटी फक्त "हं" म्हणून भिंतीकडे बोट केलं.

बाबा त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने राहिले. आठवड्याला दोन फेऱ्या, उन्हातल्या, पावसातल्या, थंडीच्या धुक्यातल्या. गाडीमुळे एकही पाळी चुकली नाही. परत येताना ते डोकं मागे टेकून झोपून जात, आणि उतारावर मी ब्रेक दाबला तरी त्यांची झोप मोडत नसे. ते घरी, आपल्या खाटेवर, शांतपणे गेले. मला जी दोन वर्षं मिळाली, गाडीत शेजारी बसून त्यांच्या तोंडून त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी ऐकायला जे मिळालं, त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, माझ्या बायकोचा आहे, आणि शेवयाच्या यंत्रातून शिकंजा काढणाऱ्या त्या बाईचाही आहे. हे मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही. तेराव्याला त्या आल्या, बायकोजवळ बसल्या, निघताना अंगणात गाडीशी थांबल्या आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "चांगलं काम केलं हिनं." मी म्हणालो, "तुमी केलं, काकू." त्या म्हणाल्या, "पोटासाठी शिकलो होतो बाप्पा. तुह्या बापाच्या कामी आलं, बरं झालं."

पुढच्या वर्षी माझी बदली आसेगावला झाली. तिथं मी अजूनही गाडीचे ब्रेक स्वतः करतो. शेजारपाजारचे येतात, हत्यार मागतात, मीही आधी तोंडानं सांगायला लावतो. लोक हसतात. हसू देतो.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते कारंजात, भंगाराच्या एका दुकानात. मी काही कामानं तिकडून जात होतो. त्या लोखंडाच्या ढिगापुढं उकिडव्या बसल्या होत्या, चष्मा नाकावर, आणि हातात एक वाकडी, दातेरी वस्तू घेऊन ती उन्हात फिरवून पाहत होत्या. बाजूला व्हॅन उभी होती. तात्या पुढच्या सीटवर, खिडकीतून कोपर बाहेर काढून बसले होते.

मी वाकून नमस्कार केला. "कसा हायेस? बायको बरी हाये?" एवढं विचारून त्यांनी ती वस्तू माझ्या हातात दिली. "सांग पाहू, हे कायचं हाये?"

मी उलटसुलट करून पाहिली. मला काही कळलं नाही, तसं सांगितलं.

"मलेबी नाई समजलं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की पापण्यांवरचं पीठ हललं. "पन लोखंड चांगलं हाये."

तात्यांनी शेजारच्या सीटवरून हात लांबवून हॉर्न वाजवला. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, हळूच. वस्तू सदऱ्याच्या खिशात मावेना, म्हणून तात्यांच्या मांडीवर ठेवली. तात्यांनी लगेच ती बोटांनी चाचपायला घेतली. गाडी सुरू झाली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. पुढे चौकाच्या तोंडाशी एक शेळी आपल्या दोन करडांना घेऊन अचानक आडवी आली. व्हॅनचे मागचे लाल दिवे लागले आणि गाडी जागच्या जागी थांबली. ना किंचाळी, ना घासल्याचा आवाज. शेळी निवांत पलीकडे गेली, मागून करडं गेली. मग दिवे विझले आणि काकू डावीकडे वळल्या.